सोलापुरात ट्रकवर नवी नोकरी : पहिले तीन महिने कसे काढायचे

लायसन्सवर हेवीची नोंद झाली, ओळखीतल्या कुणीतरी शब्द टाकला आणि मार्केट यार्डाजवळच्या एखाद्या ट्रान्सपोर्टचे मालक म्हणाले, "सोमवारपासून ये." इथवर सगळ्यांचं सारखंच असतं. पुढचे तीन महिने ज्याचे त्याला काढावे लागतात. मी १९ वर्षं गाडी चालवली, आता ५ वर्षं एका ट्रान्सपोर्टमध्ये कुठली गाडी कुठल्या खेपेला लावायची ते काम बघतो. नवी पोरं येताना बघतो आणि दुसऱ्या पगाराआधी निघून जातानाही बघतो. गेलेल्यांत गाडी येत नव्हती असे फार थोडे. बाकीच्यांना विचारायची लाज वाटली, नाहीतर लिहून ठेवायचा कंटाळा आला. म्हणून पहिली खरेदी दुकानातली शंभर पानी छोटी वही आणि दोन पेन. पुढे ती कुठे कुठे लागते ते सांगतोच.

होकार देण्याआधी

आधी स्वतःचं लायसन्स उघडून बघा. दर दोन-चार महिन्यांनी एखादा पोरगा छोटा हत्ती चालवायच्या लायसन्सवर दहा चाकी मागायला येतो. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर एकूण ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. त्याच्या वरच्या गाडीला जड वाहनाची नोंद हवीच. त्यासाठी वय २० पूर्ण लागतं, हलक्या वाहनाचं लायसन्स हातात येऊन १ वर्ष झालेलं लागतं, आणि फॉर्म १-ए वर डॉक्टरचा दाखला लागतो. ही नोंद ५ वर्षांची. गॅस, पेट्रोल, रसायन असला धोक्याचा माल न्यायचा तर प्रशिक्षण वेगळं आणि नोंदही वेगळी, तिची मुदत ३ वर्षं. मुदत संपल्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. संपलेल्या लायसन्सवर काही झालं तर विमा कंपनी हात वर करते आणि मालक तुमच्याकडे बोट दाखवतो.

मग पैशाचं बोलणं. आपल्याकडे दोन पद्धती जास्त दिसतात: महिन्याचा पगार आणि वर भत्ता, किंवा खेपेचा ठेका. ठेक्यात मालक डिझेल, टोल, वरखर्च सगळं धरून एक रक्कम हातात देतो आणि उरेल ते तुमचं. ऐकायला गोड लागतं. नव्या माणसाने ठेका घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी लिटरला किती देते, कुठल्या कारखान्यावर किती तास रांग लागते, हे माहीत नसताना ठेका घेतला की दोन पैसे वाचवायला माणूस झोप मोडतो. सहा महिने पगारावर काढा, मग बघा.

पगार ठरवताना खालचे प्रश्न तोंडावर विचारा आणि उत्तर त्यांच्यासमोरच वहीत लिहा. भत्ता दिवसाचा की खेपेचा? गाडी भरायला किंवा रिकामी व्हायला दोन दिवस अडकली तर हॉल्टिंगचे पैसे ड्रायव्हरला किती? पंक्चर, हमाली, पार्किंग कुणाकडे? माल कमी भरला तर तूट कुणाची? ओव्हरलोडचा दंड कुणाचा? वेगाचं ई-चलन कुणाचं? क्लिनर मिळणार का? आणि शेवटचा, जो कुणीच विचारत नाही: गाडीच्या पॉलिसीत पगारी ड्रायव्हर-क्लिनरचा हप्ता भरलाय का? कामावर असताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कायद्याने मालकावर येते, पण मागे विमा असला तर ते पैसे वेळेत मिळतात.

उचल घेताना हात आखडता घ्या. घरात लग्न आहे, बोअर मारायचंय, पोराची फी आहे, कारण खरंच असतं. मालकही चटकन देतो, कारण उचल घेतलेला ड्रायव्हर सोडून जात नाही. पहिल्या तीन महिन्यांत एका पगारापेक्षा जास्त उचल अंगावर ठेवू नका. जी घ्याल तिची तारीख, रक्कम आणि दर महिन्याला किती कापायची ते लिहून मुनीमजींची सही घ्या. सही मागितल्याने ते रागावत नाहीत. त्यांच्याही वहीत ती हवीच असते.

गाडी ताब्यात घेताना

चावी घेतल्या घेतल्या स्टार्टर मारू नका. आधीच्या ड्रायव्हरने गाडी कशी सोडलीय ते बघायचा हा एकच दिवस. मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढा, पोचे, फुटलेल्या काचा, घासलेले टायर सगळं. टायरवरचे नंबर वहीत उतरवा, स्टेपनीचासुद्धा. जॅक, टॉमी (लोखंडी दांडा), पाना, ताडपत्री, दोर, त्रिकोण, आग विझवायचा सिलिंडर मोजून घ्या. फोटो मालकाच्या व्हॉट्सअॅपवर टाका. पुढे "ताडपत्री नवी होती, कुठे गेली" हा वाद आपोआप मिटतो.

त्यानंतर रोज निघण्याआधी गाडीला एक फेरी. मी ड्रायव्हरच्या दारापासून सुरू करून पुढून वळसा घालतो आणि दाराशीच संपवतो. दिशा रोज तीच ठेवा, म्हणजे राहिलं काय ते लगेच कळतं.

आधी इंजिनाखालची जमीन बघायची. काळा डाग म्हणजे ऑइल, हिरवट किंवा गुलाबी म्हणजे कूलंट. गाडी थंड असतानाच ऑइलची पट्टी आणि पाणी. मग टायर. टॉमीने प्रत्येक टायर ठोकायचा. हवा नीट असेल तर टॉमी उसळते आणि आवाज टणक येतो, कमी असेल तर भद्द वाजतं. मागच्या जोडटायरात आतला बसलेला बाहेरून दिसत नाही, तिथे आवाजच कामाला येतो. जोडीच्या मध्ये दगड अडकलाय का ते वाकून बघा. चाकाच्या नटाखालून तांबूस गंजाची रेघ उतरलेली दिसली तर तो नट ढिला होतोय असं समजा. मग पाटे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, एखादं पान तुटलंय का. मागचे दिवे, इंडिकेटर, लाल रिफ्लेक्टर पट्टी फडक्याने पुसायची. या धूळमातीत ती दोन दिवसांत दिसेनाशी होते.

शेवटी हवा. एअर टाकीच्या खालच्या कॉकमधून पाणी काढून टाका, पावसाळ्यात तर रोज. गाडी चालू करून बझर बंद होईपर्यंत आणि काटा पूर्ण चढेपर्यंत थांबा. मग इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरा आणि कान द्या. सुस्स आवाज आला, काटा भराभर उतरायला लागला, तर कुठेतरी गळतंय, आणि ती गाडी निघत नाही. या सगळ्याला पंधरा मिनिटं लागतात. पहिल्या आठवड्यात अर्धा तास लागेल, लागू द्या.

बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांची) गाडी असेल तर निळ्या झाकणाच्या टाकीकडे लक्ष ठेवा. आपण तिला सरळ युरियाची टाकी म्हणतो. त्यात ३२.५ टक्के युरियाचं तयार द्रावणच जातं, सीलबंद कॅनमधलं किंवा पंपाच्या मशीनचं. नळाचं पाणी, शेतातला युरिया घोळून, "थोडंसं डिझेल पडलं चुकून", यातलं काहीही झालं तर चावी फिरवायच्या आधी मालकाला फोन करा. चालू केली की दुरुस्ती लाखाच्या घरात जाऊ शकते. टाकी रिकामी होऊ दिली तर गाडी स्वतःच ताकद कमी करते आणि तुम्ही भरल्या गाडीनिशी चढावर बसता.

कागदांची पिशवी

आरसी, फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी, टॅक्स. हे मोबाईलमध्ये डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर दाखवलेले चालतात. मोबाईलची बॅटरी मात्र पोलिसासमोरच संपते, म्हणून झेरॉक्सचा एक सेट केबिनमध्ये असू द्या. प्रत्येकाची मुदत वहीत. फिटनेस गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. सोलापूरहून विजापूरकडे किंवा हैदराबादकडे निघालात की दुसरं राज्य लांब नाही, तेव्हा नॅशनल परमिट आहे का ते पहिल्याच दिवशी विचारा.

मालाचे कागद वेगळे: बिल, बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालाची पावती) आणि ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद). राज्याबाहेर ५० हजारांच्या वरच्या मालाला आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं. नवा ड्रायव्हर ते घडी घालून खिशात ठेवतो. तसं करू नका, तीन गोष्टी वाचा. गाडी नंबर तुमचाच आहे का? ऐनवेळी गाडी बदलली आणि नंबर जुनाच राहिला, असं वरचेवर होतं. उतरवायचा पत्ता तोच आहे का? आणि मुदत कधीपर्यंत? दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. पुणे साधारण २५० किलोमीटर, म्हणजे दोन दिवस. हैदराबाद तीनशेच्या थोडं वर, तेही दोन दिवस. पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. गाडी बिघडून रस्त्यात पडली तर मुदत संपायच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत ती वाढवून मिळते, पण ते ऑफिसातून करावं लागतं. म्हणून बिघाडाचा फोन लगेच करा, "बघू सकाळी" म्हणू नका.

फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते निघताना विचारा. टॅग चालला नाही तर टोल जास्त कापतात, यूपीआयने दिले तरी सव्वापट. फरक कुणाच्या भत्त्यातून जाईल ते तुम्हाला माहीत आहे.

भरताना

सोलापुरात तुमच्या वाट्याला काय येईल ते ऋतू ठरवतो. हिवाळ्यात मार्केट यार्डातला कांदा आणि आसपासच्या कारखान्यांची साखर. बारा महिने सिमेंट. अक्कलकोट रोड आणि चिंचोळीच्या एमआयडीसीतून चादर-टॉवेलच्या गाठी आणि बाकी किरकोळ माल. प्रत्येकाचं वागणं वेगळं. कांद्याला वारा लागतो, त्यावर ताडपत्री गच्च आवळली तर मधल्या थरातली पोती घामेजतात आणि दोन दिवसांत वास सुटतो. पाऊस नसेल तर बाजू मोकळ्या ठेवा. सिमेंट आणि साखरेचं उलट, एक थेंब आत जाता कामा नये. भरायच्या आधी हौद्यातली फट आणि बाहेर आलेले खिळे बघा, चादरीच्या एका गाठीला खिळा लागला तर आतल्या कितीतरी नगांना भोक पडतं.

वजनाचा हिशोब स्वतः करायला शिका. समजा तुमची दहा चाकी, पासिंग (मालासकट परवानगीचं एकूण वजन) २८,५०० किलो. आरसीवर रिकामं वजन ९,४०० लिहिलंय. राहिले १९,१००. सिमेंटचं पोतं ५० किलोचं, म्हणजे ३८२ पोती. तुम्ही, क्लिनर, डिझेल धरून मी ३७५ ला थांबतो. आता भरणारा म्हणेल, "अण्णा, साठ पोती जास्त टाकू, सगळेच नेतात." साठ पोती म्हणजे ३ टन. दंड २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, म्हणजे २६ हजार, आणि जादा माल तिथेच उतरवायचा. वजनकाट्यावर गाडी न्यायला नकार दिला तर ४० हजार. हे आकडे मालकाला माहीत असतात. तुम्हालाही माहीत आहेत हे त्यांना कळलं पाहिजे. भांडू नका. काट्याची चिठ्ठी काढा, फोटो पाठवा, "शेठ, पासिंगपेक्षा जास्त होतंय, काय करू?" एवढं लिहून उत्तराची वाट बघा. लेखी "ने" म्हणायला सहसा कुणी तयार होत नाही.

दंडापेक्षा मोठी गोष्ट ब्रेकची आहे. ३ टन जास्त असलेली गाडी कुठे थांबेल ते तुमच्या पायाला माहीत नसतं. पाय शिकलेला असतो नेहमीच्या वजनावर.

पोती मोजताना हमालांच्या तोंडाकडे बघू नका, थर मोजा. माझ्या दुसऱ्याच महिन्यात एका गोदामात १२ पोती कमी निघाली. भरताना मी चहाच्या टपरीवर होतो. त्या ट्रान्सपोर्टने माझ्या पगारातून पैसे कापले आणि मला तोंड उघडता आलं नाही, कारण मी मोजलंच नव्हतं. ही वहीची सवय तेव्हापासूनची. ताडपत्री, दोर आवळून निघालात की वीस-पंचवीस किलोमीटरवर एकदा थांबून दोर परत ओढा. माल बसतो, दोर ढिला पडतो.

मागे घेताना

हे वेगळं सांगतोय, कारण नव्या ड्रायव्हरची पहिली ठोकर बहुतेक रिव्हर्समध्येच असते. रस्त्यावर तो सावध असतो, गोदामाच्या दारात येऊन निवांत होतो.

२००१ चा डिसेंबर. मी करमाळ्याकडचा, सोलापुरात नवीन. सहा चाकी घेऊन पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यावर सूत उतरवायला गेलो. गल्ली अशी की आरसे मिटल्याशिवाय गाडी आत जाईना. मागे एक म्हातारे काका उभे राहून हात दाखवत होते. मी गाडी मागे घेतोय आणि काका ओरडतायत, "चालु! चालु!" मी म्हटलं, बरं, चालू ठेवू. आणखी मागे घेतली. काका आणखी जोरात, "चालु! चालु!" मी आणखी घेतली. धाड. शेजारच्या घराचा ओटा फुटला आणि तुळशीची कुंडी आडवी. तेलुगूत "चालु" म्हणजे "पुरे". गल्लीतली पोरं पोट धरून हसत होती. ओट्याच्या विटा-सिमेंटमध्ये माझा दोन खेपांचा भत्ता गेला. ज्यांचा ओटा फोडला त्या आजींनीच वर चहा पाजला.

तर शब्द शिका. तेलुगूत "वेनक्कि" म्हणजे मागे, "आपु" म्हणजे थांबव. कानडीत "हिंदे" म्हणजे मागे, "साकु" म्हणजे पुरे, "निल्सु" म्हणजे थांबव. सोलापूरच्या माणसाच्या कानावर मराठीसकट या तिन्ही भाषा लहानपणापासून पडतात, याचा विजापूर आणि हैदराबादच्या रस्त्यावर फार फायदा होतो. काट्यावर, गोदामात, ढाब्यावर दोन वाक्यं त्यांच्या भाषेत बोललात की रांगेत नंबर नाही पुढे सरकणार, पण बसायला खुर्ची मिळेल.

क्लिनर असो वा नसो, रिव्हर्स घ्यायच्या आधी गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक, आणि स्वतः खाली उतरून मागे जाऊन या. वर बघा: वायर, पत्र्याचं छप्पर, झाडाची फांदी. मागे घेताना क्लिनर आरशात दिसत नसेल तर गाडी तिथेच थांबली पाहिजे. शहरात जड वाहनांना ठरावीक वेळेतच प्रवेश असतो, तेव्हा पूर्व भागातला किंवा मधल्या पेठांतला पत्ता असेल तर आत जायची वेळ आधी विचारून घ्या आणि तोवर बाहेर थांबा.

चार दिशांचे चार रस्ते

पुण्याकडे जाताना टोल सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस या क्रमाने येतात. रस्ता सरळ आणि चांगला आहे, आणि तोच त्याचा धोका. डोळा लागतो. ऊस गाळपाच्या दिवसांत, साधारण नोव्हेंबर ते मार्च, मोहोळ-टेंभुर्णी पट्ट्यात रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाचटाखाली झाकलेला. अंधारात समोर काळा ढीग दिसतो तोवर वीस-पंचवीस मीटर उरलेले असतात. या महिन्यांत रात्री ५०-५५ च्या वर जाऊ नका, मागचा कितीही हॉर्न वाजवू दे.

तुळजापूरकडे थोडा घाट आहे. चढताना ज्या गिअरला चढाल त्याच गिअरला उतरा, एक्झॉस्ट ब्रेक वापरा, न्यूट्रल कधीच नाही. डिझेल वाचतं म्हणून उतारावर न्यूट्रल मारणारे जुने खोंड भेटतील. त्यांचा मान ठेवा, सवय घेऊ नका. नवरात्रात आणि कोजागरीला सोलापूर ते तुळजापूर रस्ता चालत जाणाऱ्या भाविकांनी भरलेला असतो आणि वाहतूक वळवतात. आषाढीच्या आधी पंढरपूरकडच्या रस्त्यांचं तेच. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत शहरातले मार्ग बदलतात. खेप घेताना पंचांग बघणारा माणूस असेल तर तो ट्रकवालाच.

विजापूरला जायचं असेल आणि सोलापुरात काम नसेल तर केगाव-हत्तूर बायपासने बाहेरूनच निघा. आधी नांदणी, पुढे टाकळीला भीमेवरचा पूल, आणि पलीकडे कर्नाटक. हैदराबादकडे नळदुर्ग, उमरगा, मग कर्नाटकाचा थोडा भाग आणि तेलंगण. एकाच खेपेत तीन राज्यं, म्हणून कागद आदल्या रात्रीच लावून ठेवा.

गाडी बंद पडली तर पूर्ण डावीकडे, चारही इंडिकेटर, मागे किमान पन्नास पावलांवर त्रिकोण. चाकाला लाकडी ठोकळा लावा. दगड लावलात तर जाताना उचला. ट्रक निघून जातो, दगड तिथेच राहतो आणि रात्री मोटारसायकलवाला त्यावर जातो. हायवेवर मदतीला १०३३.

झोप, भाकरी आणि पाठ

कायद्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास लिहिलेत. रस्त्यावर ते किती पाळले जातात ते मी लिहायची गरज नाही. निदान एवढं पाळा: सलग चार तासांच्या वर स्टिअरिंग नाही, आणि पहाटे २ ते ५ शक्यतो गाडी उभी. या तीन तासांत चहा, तंबाखू, मोठ्याने गाणी, काहीही चालत नाही. शरीर झोप मागतं आणि विचारत नाही. डोळे चुरचुरले, मागचे पाच किलोमीटर कसे गेले ते आठवत नसेल, तर पुढच्या पंपावर किंवा ढाब्यावर लावा आणि वीस मिनिटं झोपा. हायवेच्या कडेला अंधारात लावून झोपू नका.

आमच्याकडचा एक पोरगा, दुसराच आठवडा, पहाटे तीनला वरवड्याजवळून फोन करतो. "मामा, डोळं मिटायलेत, पण माल सातला पोचवायचाय." मी म्हटलं, "झोप बे, पार्टीला (माल घेणाऱ्याला) मी सांगतो." पार्टीला सकाळी सांगितलं. पार्टी दहा मिनिटं बडबडली आणि माल साडेनऊला उतरवून घेतला. एवढंच होतं, नव्या माणसाला वाटतं तसं आभाळ कोसळत नाही.

जेवणात आपण सोलापूरकर नशीबवान. कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दोन्ही चार-आठ दिवस टिकतात, फ्रिज नको की गरम करणं नको. डब्यात भाकरी, बाटलीत चटणी, सोबत कांदा, आणि वाटेत कुठेतरी दही घ्यायचं. रोज ढाब्याची तर्री खाल्लीत तर दोन महिन्यांत पोट सांगेल. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर असतो, केबिन इंजिनावर बसलेली. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे, पण तुम्हाला मिळालेली गाडी जुनी असायचीच शक्यता जास्त. पाच लिटरचा पाण्याचा कॅन, लिंबू-मीठ, आणि सीटवर सोलापुरी टॉवेल. टॉवेल दोन ठेवा, एक वाळत.

केबिनमधून उडी मारू नका. तोंड गाडीकडे ठेवून, दांडा धरून उतरा. माझा उजवा गुडघा १९ वर्षांच्या उड्यांचं व्याज अजून भरतोय. वर्षातून एकदा डोळे तपासा. रात्री समोरच्या दिव्याभोवती कडं दिसायला लागलं तर वर्षाची वाट बघू नका. आणि प्यायल्यावर गाडी, यावर मी बोलणार नाही. आमच्याकडे त्याच दिवशी हिशोब होतो.

माल उतरवल्यावर

गेटवर पोचल्याची वेळ वहीत लिहा, बाहेर पडल्याचीही. हॉल्टिंगचा वाद या दोन आकड्यांवर मिटतो. पोच (माल मिळाल्याची सही केलेली पावती) घेताना सही, शिक्का, तारीख, नग, चारही बघा. "माल भिजलेला" किंवा "कमी" असं कुणी लिहायला लागलं तर सही करून घेऊन निघू नका, आधी ऑफिसला फोन आणि फोटो. पोच हरवली की भाडं अडकतं, आणि पोच ड्रायव्हरच्या खिशातूनच हरवते. उतरल्या उतरल्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा आणि कागद पिशवीत टाका.

अपघात झाला तर

देव करो न होवो. झालाच तर जखमीला दवाखान्यात पोचवणं हे कायद्याने ड्रायव्हरचं काम आहे. १०८ ला फोन, पोलिसांना ११२. जमाव अंगावर आला तर तिथे थांबलंच पाहिजे असं कायदाही म्हणत नाही, पण मग सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जायचं, कितीही उशीर झाला तरी २४ तासांच्या आत. पळून घरी जायचं नाही. जानेवारी २०२४ च्या ट्रकवाल्यांच्या संपात, अपघात करून पळणाऱ्याच्या ज्या दहा वर्षांच्या शिक्षेवरून गोंधळ झाला, ते १०६(२) कलम १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू करताना बाजूला ठेवलं गेलं. पण पळून जाणं त्याआधीही गुन्हा होता आणि आताही आहे. जमेल तेवढे फोटो घ्या: रस्ता, ब्रेकच्या खुणा, समोरच्या गाडीचा नंबर. जबाब वाचल्याशिवाय सही करू नका. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा.

डिझेल आणि तिसऱ्या महिन्याचा हिशोब

मालकाचा विश्वास डिझेलवर बसतो नाहीतर डिझेलवरच उडतो. पहिल्या तीन खेपांना टाकी पूर्ण भरून निघा आणि परत आल्यावर पूर्ण भरा. किलोमीटर भागिले लिटर, वहीत लिहा, गाडी भरलेली होती की रिकामी तेही. भरलेली दहा चाकी साधारण चारच्या आसपास देते. पुणे जाऊन-येऊन ५०० किलोमीटर म्हणजे सव्वाशे लिटर. तुमचा आकडा त्यापासून फार खाली असेल तर तुम्हीच आधी मालकाकडे जा: टायरची हवा, एअर फिल्टर, ढिला क्लच, चिकटलेला ब्रेक, काहीतरी असतं. तुम्ही गप्प बसलात आणि त्यांनी काढलं, तर अर्थ वेगळा निघतो. आरपीएमचा काटा हिरव्या पट्ट्यात ठेवा आणि रांगेत उभे असताना इंजिन बंद करा, अर्धा फरक तिथेच पडतो.

तिसरा पगार झाल्यावर वही घेऊन मुनीमजींसमोर बसा. खेपा किती, भत्ता किती ठरला आणि किती मिळाला, हॉल्टिंगचे दिवस, उचल, कपात. आकडे जुळले तर तिथेच पगाराचं पुढचं बोलणं काढा, कारण आता मालकालाही कळलेलं असतं की तुमच्या गाडीची पोच वेळेत येते. नाही जुळले तर कुठल्या तारखेला काय, ते पान उघडून दाखवा. दोनदा दाखवूनही पुढच्या महिन्यात तेच होत असेल तर दुसरी गाडी शोधा, सोलापुरात चांगल्या ड्रायव्हरला गाडी मिळते. सोडताना उचल फेडल्याची पावती घ्या आणि गाडीचे चारही बाजूंचे फोटो परत काढा, पहिल्या दिवशी काढले होते तसेच, स्टेपनीसकट.